गोरा रंग काढणारं मशीन

बोईसरच्या नाक्यावर जितेशचं झेरॉक्सचं दुकान आणि त्याला लागून माझं शिवणकामाचं. मधे नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे जितेशच्या तोंडचा एक शब्दही मला चुकत नाही. माझंच दुर्दैव. त्याच्याकडे काम करणारी अपेक्षा रोज आमच्या इकडच्याच माहीमहून यायची. कोळ्याची पोर, आईबरोबर उन्हात मासळी सुकवत वाढलेली, रंगाने काळी. लग्नाचे बायोडाटे मात्र इतके देखणे करायची की लोक तारापूरहून तिच्याकडे यायचे.

गेल्या हिवाळ्यात डीलरने जितेशला एक रंगीत लेझर प्रिंटर वापरून बघायला दिला. स्वस्तातला, छपाई, झेरॉक्स, स्कॅन सगळं एकातच. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. नेमका त्याच आठवड्यात एडवणच्या एका मुलाच्या घरच्यांनी अपेक्षाचा बायोडाटा मागवला. तो मुलगा तिने एका लग्नात पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता.

"मशीन तुझ्याच फोटोवर तपासू," जितेश म्हणाला. "तुझा चेहरा निघाला तर कोणाचाबी निघेल."

तिच्या बायोडाट्याची अक्षरं खणखणीत उमटली, वरचा गणपती झकास आला, साडीचे काठसुद्धा उठून दिसले. चेहऱ्याच्या जागी मात्र काळा डाग. "मशीनला कशाला बोल लावू? जे हाय तेच छापतंय," जितेश म्हणाला आणि गिऱ्हाइकं खो खो हसली. मग तो फोटोतला उजेड वाढवत गेला. दरवेळी कागद गिऱ्हाइकांपुढे नाचवून विचारायचा, "आता खपेल काय?" मेल्याला लाज म्हणून नाही. अपेक्षा मान खाली घालून कोरे कागद सारखे करत होती.

शेवटी गुलाबी गालांची एक गोरीपान मुलगी बाहेर आली. नाक-डोळे अपेक्षाचेच. ती त्या कागदाकडे बघतच राहिली आणि, खरं सांगते, लाजली. मी म्हटलं, "पोरी, हा पाठवू नको."

"मावशी, एकदा बघायला तरी येतील," ती म्हणाली.

आली माणसं तिच्या घरी; तिनेच मला नंतर सांगितलं. अपेक्षा चहा घेऊन बाहेर गेली. मुलाच्या आईने कप उचलला आणि तिच्या आईला, चंद्रकांताला, विचारलं, "ही मोठी बहीण काय? फोटोतली कुठं हाय?"

"मीच ती," अपेक्षा म्हणाली.

बाईने कप तसाच खाली ठेवला. मुलाने मोबाइलमधून मान वर काढली नाही. निघताना बाई दारात थांबली. "फोटो कुठं छापला?" तिने विचारलं. अपेक्षाने दुकानाचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर जितेशने मांडीवर थाप मारली. "एडवणवाले फसले, म्हंजे मशीन पास!" त्याने प्रिंटर ठेवून घेतला आणि अपेक्षाचा तो गोरा फोटो दुकानाच्या काचेवर लावला. लावायलाही तिलाच सांगितलं. मला इतका संताप आला की हातातलं ब्लाउज वाकडं बेतलं गेलं.

पुढच्याच आठवड्यात ती एडवणची बाई दुकानात आली. बरोबर तिची लग्नाची मुलगी होती, हिमानी. रंगाने अपेक्षाहून कांकणभर काळीच. अपेक्षाला बघून बाईने ओळख दाखवली नाही. अपेक्षाने त्या पोरीला स्टुलावर बसवलं, हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा वर केला, फोटो काढला आणि मशीनपाशी जाऊन विचारलं, "किती गोरी करू?"

"तिच्याएवढी," बाई म्हणाली आणि काचेवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.