डावीकडची स्क्रीन

इर्मेली कान्तोला आमच्या ओउलू शहरातल्या ऑफिसातली सगळ्यांत जुनी प्रोग्रॅमर. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध द्यायचं हे हॉस्पिटलांतल्या नर्सना ज्या प्रोग्रॅमवर दिसतं, तो आम्ही सांभाळतो. तिच्या टेबलावर तीन मॉनिटर. मधल्यावर कोडचा एडिटर. उजव्यावर चाचणीची प्रत, तिथे काय वाटेल ते मोडा. आणि डाव्यावर खरी, चालू यंत्रणा, लाल चौकटीत. ही मांडणी तिचीच, आणि सगळ्या ऑफिसला तिनेच ती लावली. "लालकडे बघायला मान वळवावी लागली पाहिजे," ती म्हणायची. "तेवढ्यात माणसाला अक्कल येते." एका नव्या पोराने लाल विंडो मधल्या स्क्रीनवर ओढली, तर त्याची तिने अशी बिनपाण्याने केली की तो आठवडाभर जपूनच बोलत होता.

यंदा बर्फ वितळायला लागला तशी तिची डावी स्क्रीन रिकामी राहायला लागली. सगळ्या विंडो, लालसुद्धा, मधल्या आणि उजव्या स्क्रीनवर, एकीवर एक चढलेल्या. मी तिच्या शेजारी बसतो आणि माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, डावीकडचं भाडं परवडेना वाटतं? एरवी तिने माझी सालटी काढली असती. ती नुसती म्हणाली, "तुझं काम बघ, वेइक्को."

डाव्या हाताला ठेवलेली तिची कॉफी तशीच गार होऊन पडायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. सायकल सोडून ती बसने यायला लागली. हे सगळं मला दिसत होतं, पण आमच्याकडे कुणी कुणाला तब्येतीचं विचारत नाही. मीही विचारलं नाही.

त्या दिवशी ती चाचणीच्या प्रतीत काम करत होती. मध्येच काहीतरी ताडून बघायला तिने चालू यंत्रणा उघडली. कॉम्प्युटर आदल्या रात्री बंद करून पुन्हा सुरू केला होता, आणि तसं झालं की विंडो ऑफिसच्या मूळ मांडणीप्रमाणे उघडतात. ती डावीकडे उघडली. इर्मेलीला वाटलं, उघडलीच नाही. मरू दे म्हणत ती पुन्हा टाइप करायला लागली. पण टाइप केलेलं जातं ते शेवटी उघडलेल्या विंडोत. उजवीकडे अक्षर उमटेना, तरी तिची बोटं थांबली नाहीत. स्क्रीन अडकली असेल, अक्षरं मागाहून येतील, असंच आम्ही सगळे समजतो.

अक्षरं येत होती, लाल चौकटीत. सगळ्या रुग्णांची औषधं पुसून टाक, असा तो हुकूम होता. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं.

मी झेप घेऊन तिचं मनगट धरलं.

"सोड, दुखतंय."

"इर्मेली, डावीकडे बघ."

ती समोरच बघत राहिली. मग हळूहळू तिने मान वळवली, लाल चौकट दिसली, आणि तिने वाचलं.

"तिथे काही नव्हतं," ती म्हणाली.

मी एकेक अक्षर पुसलं. कधीपासून, असं विचारलं, तर म्हणाली, हिवाळ्यापासून. तिच्या आईचंही असंच झालं होतं. आधी एक बाजू गेली, मग सगळंच. शेवटी ती दार हाताने चाचपून ओळखायची. म्हणून इर्मेली डॉक्टरकडे गेली नव्हती. "विचारलं नाही तर खरं होणार नाही, असं वाटलं," ती म्हणाली.

मी तिच्यासमोरच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच बोलावलं. तिने कोट चढवला. बटणं चुकीच्या काजांत गेली, तिला कळलं नाही. भीती मलाही वाटत होती. काहीतरी करायचं म्हणून मी डावा मॉनिटर बंद करायला हात पुढे केला.

"तो चालू राहू दे," ती म्हणाली.

"का गं?"

"आल्यावर इथे बसून समोर बघेन. तो बंद असला, तर अंधार त्याचा की माझा, हे कळायचं कसं?"

मी हात मागे घेतला.