चमच्याला हसणारी पोर

आमच्या वहिनीला अख्खी बिल्डिंग 'बाळांची अन्नपूर्णा' म्हणते. नाव मोठं, लक्षण खोटं! रोज भोपळा उकडायचा, गाळायचा, चमचा लेकीच्या ओठांपर्यंत न्यायचा आणि "हस गं!" म्हणत फोटो काढायचे. मनासारखा फोटो मिळेपर्यंत भोपळा गारढोण होतो. मग तो सिंकमध्ये जातो आणि पोरीच्या तोंडात दुधात बुडवलेलं बिस्किट. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोखाली मात्र सल्ला: "बाळाला विकतचं देऊ नका!"

परवा वहिनी अंघोळीला गेली तेव्हा मी आत्या म्हणून गरम भोपळा भरवायला बसले. चमचा पुढे करताच पोरीने तोंड घट्ट मिटलं, मान तिरकी केली आणि गोड हसली.

वहिनीला हे सांगितलं तर ती खुलली. "हो ना! आता पहिल्याच फोटोत काम होतं."