आधी पाय बघ

२०२३ साल, मी ऐंशीचा. दिल्लीची थंडी अशी, की दुपारपर्यंत सूर्याचं तोंड दिसत नव्हतं. कुसुम, माझी बायको, रजईत पडून होती आणि आमची नात मानसी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बसली होती. "आजी, सत्त्याण्णव. बिल्कुल ठीक!" कुसुम म्हणाली, "ते बोटाचं झालं. पायांना हात लाव." मानसीनं रजई वर केली... आणि तिचा चेहराच उतरला. "गार पडलेत गं." "हां, आता बोललीस नर्ससारखी." कुसुमचं घरातलं हे शेवटचं बोलणं. हॉस्पिटलातून ती परत आली नाही.

ती सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होती. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत, मग थेट लेथवर. लग्नानंतर मुनिरक्यात एक खोली घेतली. नाइट ड्यूटीहून आली की ती रोज माझ्या पायांना हात लावायची. मी डोळे मिटून पडून राहायचो आणि मनातून फुगायचो. शिकलेली बायको, पगार माझ्याहून जास्त, आणि रोज पाया पडते! कारखान्यात चारचौघांत सांगूनही टाकलं. एकदा ऐटीत "सुखी राहा" म्हणालो, तर ती हसत हसत खालीच बसली. "अहो, पाया कुठं पडतेय? वॉर्डात गेलं की पेशंटचे पाय आधी बघायचे, गार आहेत का. हाताला सवयच लागलीय." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पाय मात्र कधी मागे घेतले नाहीत.

मानसी नर्सिंग शिकली. तिला पुढं नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं होतं, म्हणजे नर्सच, पण पेशंट तपासणारी, औषधं ठरवणारी. त्या कोर्सला आधी वॉर्डातला अनुभव लागतो. माझा मुलगा शेखर मिनिस्ट्रीत आहे, त्यानं ओळखीच्या एका नर्सिंग होममधून अनुभवाचं नुसतं सर्टिफिकेट आणायचं ठरवलं. "आई, सब करते हैं. पोरीचं एक वर्ष वाचतंय."

"पोरीचं वाचेल. तिच्या पेशंटचं काय?"

मानसी रडकुंडीला आली. "आजी, सगळं शिकवलंय आम्हाला. आता वॉर्डात बेडपॅन उचलत बसू?"

"उचल. माणूस कुशीवर वळताना कसा कण्हतो, ते तिथंच कळतं."

लेथवर हात न भाजता मिस्त्री झालेला कुणी मी पाहिलेला नाही, तेव्हा मी कुसुमच्याच बाजूचा. पण तोंडानं बोललो नाही. बायकोच्या हो ला हो करायची मला सवय नव्हती.

तेरावं झालं आणि शेखरनं पुन्हा तो विषय काढला. मानसी हळू आवाजात म्हणाली, "नको पप्पा. आकडा बरोबर होता आणि आजी गार पडत होती... मला तिनं सांगावं लागलं. मी वॉर्डात लागतेय." शेखर माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी समजवा हिला." मी म्हणालो, "आई म्हणाली तसंच होईल. चलो, जेवायला वाढा." हे ऐकायला ती हवी होती...

गेल्या आठवड्यात मानसीची पहिली नाइट ड्यूटी लागली. थंडी सरलेली नाही, मी मोज्यांवर मोजे चढवून झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं, तसे मी मोजे ओढून काढले, उशीखाली सरकवले, पाय रजईबाहेर ठेवले आणि डोळे मिटून पडून राहिलो.