दोनदा मोजलेली हत्तीण

दिगंबर पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा माझ्या तोंडाकडे न बघता कानांकडे बघत बसला. मी आत जाऊन कुड्या काढून ठेवल्या. ऐंशीनंतरची ती वर्षं. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी मुलाकडे येऊन मला महिनाच झाला होता. मराठी बोलतो एवढ्यावर कुणालाही घरात घ्यावं, हे मला पटत नव्हतं.

मुलगा हसला. "आई, तो हत्तींवर रिसर्च करतो. कानांवरून ओळखतो त्यांना."

हत्ती आसामात आणि भूतानात, आणि हा मोजणार अमेरिकेत बसून! माझा संशय वाढलाच. तिकडून फोटोंची खोकी यायची. त्याच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावर तो फोटो मांडायचा. जवळ पाण्याचा पेला ठेवला तरी ओरडायचा, "मावशी, लांब!" त्याचाही कुणावर विश्वास नव्हता. "आधी संशय घ्यायचा मावशी, मग चहा," म्हणायचा, आणि चहा गार करून टाकायचा.

प्रबंध टाइप होऊन आला होता. नागपूरला नोकरी ठरली होती. एका रविवारी भूतानकडचं शेवटचं खोकं उघडलं आणि तो जुने फोटो उलटेपालटे करायला लागला. मग दोन फोटो माझ्यापुढे सरकवले.

"मावशी, बघा बरं."

दोन्हींत एकच हत्तीण होती. डावा कान खालून भाकरीचा तुकडा मोडावा तसा गेलेला. आसामवाल्यांनी तिला मोजलं, मग ती कळप घेऊन सीमेपलीकडे गेली, तिथे भूतानवाल्यांनी मोजलं. दोन्हीकडचे आकडे फोटोंच्या आधीच आले होते, त्यांची दिगंबरनं बेरीज केली होती. सगळ्यांवर संशय घेणाऱ्यानं स्वतःच्या बेरजेवर घेतला नव्हता.

"एकच कळप ना? सोड यार," मुलगा म्हणाला. "प्रोफेसर ओके म्हणालेत. कोण चेक करणार?"

"एक सापडला. बाकीचे?"

मला वाटलं, याला परत जायचंच नाही, म्हणून नाटक चाललंय. तसं मी तोंडावर म्हटलंही. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रबंध मागे घेतला आणि सगळे फोटो पुन्हा लावायला बसला. आकडा खूप खाली आला. प्रोफेसर चिडले, शिष्यवृत्ती बंद झाली. नागपूरवाले थांबले नाहीत. डिग्री राहिली ती राहिलीच.

दिगंबर परत निघाला त्या दिवशी मी त्याला बसस्टॉपवर डबा नेऊन दिला. म्हटलं, "काय मिळवलंस रे? होते ते हत्तीही कमी केलेस."

"कमी नाही केले, मावशी. तेवढे नव्हतेच."

माझा विश्वास बसला, पण तोवर तो आत चढला होता आणि दार लागलं होतं.