आमच्या होडीचा फॉर्म

गेल्या रविवारी मिस्सा आटोपली आणि मी घरी न जाता थेट उत्तनच्या किनाऱ्यावर गेलो. आमच्या जुन्या होडीत चढलो आणि आडवा पडलो... पन्नाशीला आलेला माणूस, चर्चच्या इस्त्रीच्या कपड्यांत!

ही शिडाची होडी आजोबांनी बांधून घेतली ती महायुद्धाच्या दिवसांत, स्वातंत्र्याच्या आधी. तेव्हा इंजिन कुणाकडे होतं... वारा देवाचा आणि शीड आपलं.

फळ्यांना अजून माशाच्या तेलाचा वास आहे. डोळे मिटले की वाळूवरची होडी हलतेय असं वाटतं. मी कधीच न पाहिलेले आजोबा सुकाणूपाशी बसलेले दिसतात... ओठांत रोझरी पुटपुटत.

पण तळ कुजायला लागलाय. जुनी जहाजं, होड्या जपणाऱ्या एका म्युझियमनं ती मागितली होती. नाही दिली तर एक-दोन पावसाळ्यांत तिचा भुगा होणार, हे कळत होतं. तरी तीन वर्षं मी सही टाळत होतो.

कारण पास्कू काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. या होडीवर शेवटपर्यंत गेले ते तेच. त्यांचं मन मोडून सही करायचा धीर होईना.

त्याच सकाळी म्युझियमच्या मॅडम टेप घेऊन आल्या. काकाही काठी टेकत आले.

"तुमच्या म्युझियमला पानी हाय का?"

"नाही हो काका. पण छप्पर पक्कं आहे."

"मंग मासं काय पत्र्यावर पकडता?"

मॅडम हसल्या. मापं घेऊन झाल्यावर फॉर्म वाचून दाखवू लागल्या. लांबी, रुंदी, लाकूड सागाचं... सध्याची स्थिती, निकामी.

काका उठलेच. "निकामी? मंग मी पन निकामी. मना बी न्या उचलून."

मॅडम ओशाळल्या. "मग काय लिहू काका? तुम्हीच सांगा."

काका दर्याकडे वळले... हळूच म्हणाले, "छप्पर हाय म्हनता ना? लिवा, शाकारलेली हाय."

पावसाळ्याआधी आमच्याकडे होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी झाकतात, त्याला शाकारणं म्हणतात. शाकारलेली होडी मोडीत निघालेली नसते... ती दर्या शांत व्हायची वाट बघत असते.

"शहामृगाचा श ना?" मॅडमनी विचारलं.

"मी चौथी नापास. ह्याला इचारा, ह्यो फेसबुकवर लिवतो."

मॅडमनी 'निकामी' खोडलं आणि वर नीट अक्षरांत 'शाकारलेली' लिहिलं. काकांनी होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवला, क्रूसाची खूण केली... आणि माझ्याकडे बघून होकाराची मान डोलावली.

एका शब्दानं मन इतकं हलकं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. परमेश्वराचे आभार मानले... आणि फॉर्म होडीच्याच काठावर ठेवून सही करून टाकली.