केकमधली तीन अंडी

मंडळी, आज मी वाईट वागले आणि मला अजूनही बरं वाटतंय.

सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. पहाटे उठून मी तीन थरांचा केक केला. मध्ये अननस, वरून क्रीमचं फ्रॉस्टिंग. धाकटी जाऊ मेघना म्हणाली, “वहिनी, मी गाडीतून सांभाळून नेते.”

अर्ध्या तासाने मी बिबवेवाडीला सासऱ्यांकडे पोचले, तर सगळे तिचं कौतुक करत होते. केक म्हणे तिने केला! गेल्या दिवाळीत माझ्या चिरोट्यांचंही हेच झालं होतं. तेव्हा मी गप्प बसले होते.

आजही गप्पच बसले. केक कापला, वाटला. कोणीतरी विचारलं, “एवढा हलका कसा गं झाला?”

“तीन अंडी छान फेटून घातली,” मेघना म्हणाली.

आमच्या आत्यांचा चमचा हवेतच थांबला. त्या अंडं खात नाहीत. “अगं, आधी सांगायचं नाही का?”

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, अंडी घातलीत का हो तुम्ही?”

“मी? केक तर तू केलायस ना?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. शेवटी ती पुटपुटली, “वहिनींनी केलाय.”

“जरा मोठ्याने बोल, आत्यांना कमी ऐकू येतं.”

ती मोठ्याने बोलली. मगच मी सांगितलं, केक दह्यातला आहे, बिनअंड्याचा.

आत्यांना उगाच घाबरवलं, म्हणून त्यांची माफी मागितली. मेघनाची मागितलेली नाही. मागायला हवी होती का?