नळीत फुंका

फील्डवर्कचे किस्से सांग म्हटलं की मित्र चहा मागवतात आणि हसायच्या तयारीत बसतात. किस्से ढीगभर साठलेत, पण हसण्यासारखे त्यात थोडेच निघतात.

आमच्या मॅडम सार्वजनिक आरोग्यातल्या शास्त्रज्ञ. लहानपणी पोलिओ झालेल्यांना वय झाल्यावर श्वास कमी पडतो का, हे त्या जुन्नर-आंबेगावात फिरून तपासतात. माणसानं नळीत जोरात फुंकायचं, मशीन श्वास मोजतं. मशीन धरणारा मी.

*

मंचरला एका कांदा व्यापाऱ्यानं नळी बघूनच हात जोडले. "राव, मी घेत न्हाई!" हे पोलिसांचं मशीन नाही, हे पटवण्यात अर्धी सकाळ गेली. शेवटी त्यानं फुंकलं. आकडा इतका कमी आला, की मॅडमनी त्याला पुन्हा फुंकायला लावलं.

तो त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "घेत असतो तर बरं झालं असतं म्हणायचं."

*

पिंपरी पेंढारला शिवणकाम करणाऱ्या एक ताई होत्या. रात्री धाप लागते का, विचारलं, तर नाही म्हणाल्या. मग झोपता कशा, तर भिंतीला टेकून, बसून. मुलीच्या लग्नापासून हे असंच; आता नात शाळेत जाते.

मॅडम म्हणाल्या, अहो, मग धाप लागत नाही कसं म्हणता?

"बसून झोपलं की कुठं लागती?"

*

ताईंना रात्री श्वासाला मदत करणारं मशीन मिळावं म्हणून मॅडम एका सरकारी ऑफिसात गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, अपंगत्वाचं सर्टिफिकेट पायाचं आहे, त्यात श्वासाचं काही नाही. आणि पोलिओ तर देशातून संपला, आता मशीन कशाला?

आम्ही हे ताईंना जाऊन सांगितलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या.

"संपला का? मग आमी कोण?"

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा दारात ताईंचे जावई उभे होते, आत ताईंच्या फोटोला हार होता. मॅडमनी फुंकायचं मशीन गाडीतून काढूच दिलं नाही.

*

आंबेगावच्या एका वाडीत दत्तूभाऊ आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच राहतात. भाऊंनी पुन्हा पुन्हा फुंकलं, आकडा काही वर सरकेना. आईनं काय झालं म्हणून विचारलं. मॅडमनी खरं ते सांगितलं, की छातीचे स्नायू थकलेत, गेलेली ताकद आता परत यायची नाही.

आजींनी नळीसाठी हात पुढे केला. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तशी मी नवी नळी लावून दिली.

आजींनी कमरेत वाकेपर्यंत फुंकलं. आकडा लेकापेक्षा कितीतरी जास्त आला. खाटेची कड धरून त्या दम घेत राहिल्या, मग मला म्हणाल्या,

"आता ह्यो आकडा त्याला लावा."